अर्धांगाची पूर्वसूचना

आपल्या मराठींत अर्धांगवायूसंबंधीं एक फार बोलका वाक्प्रचार आहे. अमक्याच्या 'अंगावरून वारें गेलें' असें आपण म्हणतों. रोगाचा अकस्मातपणा या तीन शब्दांत जितका उतरला आहे, तितका पंडितांच्या 'पक्षाघात' या भारदस्त शब्दांतहि उतरलेला नाहीं. परंतु याच वाऱ्याची एक हलकी झुळूकहि असते. ती येते, हात लुळा पाडते, जीभ अडखळविते, आणि दहापांच मिनिटांत कांहींहि मागमूस न ठेवतां निघून जाते. तिला आपल्या भाषेंत नांव नाहीं. डॉक्टर मंडळी तिला टी. आय. ए. म्हणतात, शहरांतील लोक मिनी-स्ट्रोक म्हणतात. खेड्यांत तिला पित्त, ऊन किंवा अशक्तपणा यांपैकीं हाताशीं असेल तें नांव मिळतें. या बिननांवाच्या झुळुकेकडे माणसाचें लक्ष कसें गेलें आणि तें जावयास किती शतकें लागलीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

झुळूक कोठेंहि येते. मी तिला आज विंचुरास आणून उभी करणार आहें. पुण्याच्या श्रोत्यांस हें नांव विंचूरकरांच्या वाड्यामुळें ठाऊक असतें. लोकमान्य टिळकांचें कांहीं काळ वास्तव्य होतें तोच हा वाडा. परंतु मूळ गांव नाशिक जिल्ह्यांतील निफाड तालुक्यांत आहे. पेशवाईंतील सरदार विठ्ठल शिवदेव यांचें घराणें या गांवावरून विंचूरकर म्हणून प्रसिद्धीस आलें. १७६१ सालीं पानिपतावरून जे थोडे सरदार जिवंत परतले, त्यांत विठ्ठल शिवदेव हे एक होते. आज विंचूरची ओळख निराळी आहे. नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें हें गांव कांदा आणि द्राक्षें यांच्या मुलुखांत वसलेलें आहे. लासलगांवची कांद्याची मोठी बाजारपेठ येथून दोनएक कोसांवर, आणि तिचा एक उपबाजार खुद्द विंचुरांतच भरतो.

आतां अशी कल्पना करा कीं, या बाजारांत साठीच्या घरांतील एक शेतकरी कांद्याची ट्रॉली घेऊन आलेला आहे. लिलाव चालू आहे. एकाएकीं त्याच्या उजव्या हातांतील कागद गळून पडतो. उचलावयास जावें तर बोटें ऐकत नाहींत. शेजारी कांहीं विचारतो, तर उत्तराचे शब्द जड, चावल्यासारखे येतात. लोक त्याला सावलींत नेतात. कोणी म्हणतो, "आबा, ऊन लागलें, लिंबूपाणी घ्या." दहा मिनिटांत हात पूर्ववत् होतो, बोलणें स्वच्छ होतें, आबा स्वतःच हंसूं लागतात. अंगावर एक खूणहि उरलेली नसते. मग यानें आजच्या आज नाशिकास जावें, कीं माल विकून, हिशेबपट्टी घेऊन, चार दिवसांनीं सवड काढावी? हा प्रश्न दिसावयास साधा आहे, परंतु त्याचें निश्चित उत्तर वैद्यकास एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मिळालें.

प्राचीनांस रोग ठाऊक होता, यांत शंका नाहीं. सुश्रुतानें पक्षाघाताचे साध्य, कष्टसाध्य व असाध्य असे भेद सांगितले आहेत. मर्मांचें वर्णन करतांना त्यानें कंठाच्या दोहों बाजूंस नीला आणि मन्या या नांवांच्या धमन्या सांगितल्या असून, तेथें इजा झाल्यास मुकेपणा व स्वरविकृति होते असें म्हटलें आहे. आणि मानेंतील मातृका नांवाच्या शिरांस इजा झाली तर तत्काळ मृत्यु येतो असा इशारा दिला आहे. मानेंतील नळ्यांचा आणि वाचेचा कांहीं संबंध आहे, हें निरीक्षण लहान नव्हे. ग्रीसमध्येंहि हिप्पोक्रेटीसच्या नांवावर चालणाऱ्या ग्रंथसंग्रहांत, अंगास पूर्वीं कधीं न आलेली बधिरता येऊं लागली तर ती पुढें येणाऱ्या झटक्याची खूण समजावी, अशा अर्थाचें वचन आहे. म्हणजे सूचना ओळखली गेली होती. मात्र त्या सूचनेवर करावयाचें काय, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. आणि ज्या सूचनेवर उपाय नाहीं ती माणसें लौकरच विसरून जातात.

कारण शोधण्याचा खरा उद्योग सतराव्या शतकांत सुरू झाला. इकडे शिवाजीमहाराज कल्याण-भिवंडी घेऊन कोंकणांत पाय रोवीत होते, त्याच सुमारास, १६५८ सालीं, स्वित्झर्लंडांतील शाफहाउझेन गांवच्या योहान याकोब वेप्फर या वैद्यानें झटक्यानें मेलेल्या रोग्यांचीं शवें उघडून पाहिलेली हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. कांहींच्या मेंदूंत रक्त सांडलेलें होतें. मेंदूकडे जाणारी रक्ताची वाट तुंबली तरीहि झटका येतो, असें त्यानें मांडलें. कांहीं रोग्यांचें अर्धांग एका दिवसाच्या आंत ओसरतें, हेंहि त्यानें टिपून ठेवलें. पुढें सहा वर्षांनीं, १६६४ सालीं, इंग्लंडांत टॉमस विलिस यानें मेंदूच्या तळाशीं धमन्या एकमेकींस जोडून एक कडें तयार करतात हें दाखविलें. मानेंतील एका बाजूची धमनी पूर्ण बुजलेली असतांहि जन्मभर धडधाकट राहिलेल्या एका माणसाचें उदाहरण त्यानें दिलें आहे. एक पाट बंद झाला तर दुसऱ्या पाटानें पाणी वळवून आणतात, तशी कांहींशी व्यवस्था निसर्गानें येथें करून ठेविली आहे. ती सर्वांच्या ठायीं सारखी नसते, ही गोष्ट निराळी.

तथापि हें ज्ञान रोग्याच्या उशाशीं पोहोंचावयास फार काळ लागला. आपल्याकडील एक उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १८८८ सालच्या ११ मे रोजीं मुंबईंत मांडवीच्या कोळीवाड्यांत जोतीराव फुले यांस जनतेनें 'महात्मा' ही पदवी दिली. आणि पुढें दोनच महिन्यांनीं, जुलैंत, त्यांना अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली. त्यांच्यावर उपचार केले ते डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनीं. हे पुण्यांतील नांवाजलेले शस्त्रवैद्य. आजचा घोले रस्ता त्यांच्याच नांवाचा. पण त्या काळच्या उत्तम डॉक्टराजवळहि अर्धांगाविरुद्ध हत्यारें कोणतीं होतीं? रक्ताचा दाब मोजण्याचें सोयीस्कर यंत्र इटलींत रिव्हा-रोच्ची यानें १८९६ सालीं पुढें आणलें, म्हणजे या झटक्यानंतर आठ वर्षांनीं. नाडीवर बोट ठेवणें, विश्रांति देणें आणि शुश्रूषा करणें, यापलीकडे विद्येची मजल नव्हती. जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' पुरें केलें. १८९० च्या २८ नोव्हेंबर रोजीं त्यांचें निधन झालें. पुस्तक १८९१ सालीं प्रसिद्ध झालें. त्या डाव्या हाताचें कौतुक आपण नेहमींच करतों, आणि तें योग्यच आहे. पण वैद्यकाच्या इतिहासकारास त्या उजव्या हाताचाहि विचार करावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं थोर वैद्य विल्यम ऑस्लर यानें १९११ सालीं वाचा व हातपाय यांच्या क्षणिक लकव्यावर एक निबंध लिहिला. त्याचें निरीक्षण अचूक होतें, उपपत्ति मात्र फसली. धमनी आखडते, तिला पेटका येतो, आणि पेटका सुटला कीं माणूस बरा होतो, असें त्याचें मत होतें. ऑस्लरचा अधिकारच एवढा, कीं पुढें कित्येक वर्षें डॉक्टर 'पेटका' म्हणून स्वस्थ बसले. १९१४ सालीं न्यूयॉर्कच्या रॅम्से हंटनें, झटका आलेल्या रोग्याची मानहि तपासा, तेथील धमनीची नाडी चांचपून पाहा, असें सांगून ठेवलें होतें. परंतु शवविच्छेदनांत डोकें उघडावें, छाती उघडावी आणि मधली मान तशीच सोडून द्यावी, हा प्रघात चालूच राहिला. नदीचा उगम पाहिला, मुख पाहिलें, आणि मधलें धरण पाहावयाचें राहून गेलें, असाच हा प्रकार होता. १९२७ सालीं लिस्बन येथें एगाश मोनीश यानें जिवंत माणसाच्या मेंदूंतील धमन्यांचीं छायाचित्रें काढण्याची रीत शोधली, तेव्हां कोठें ही मधली वाट डोळ्यांस दिसूं लागली.

या इतिहासांतला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे कॅनडाचा मिलर फिशर. दुसऱ्या महायुद्धांत त्याचें जहाज १९४१ सालीं बुडालें आणि सुमारें साडेतीन वर्षें तो जर्मनांच्या बंदिवासांत होता. सुटून आल्यावर मॉन्ट्रीअल येथें तो रोग्यांशीं तासन् तास बोलत बसे. अर्धांग झालेल्या एका रोग्यानें त्याला सांगितलें कीं, झटक्यापूर्वीं आपला एक डोळा थोडा वेळ अंध होत असे. आणि नवल असें कीं, ज्या बाजूचें अंग गेलें, त्याच्या विरुद्ध बाजूचा तो डोळा. घाईच्या डॉक्टरानें रोगी गोंधळला आहे म्हणून हें सोडून दिलें असतें. फिशरनें विचार केला: मेंदूचा डावा भाग उजव्या अंगावर आणि उजवा भाग डाव्या अंगावर सत्ता चालवितो, पण डोळ्याची धमनी त्याच बाजूच्या मानेंतील धमनीपासून फुटते. मग डोळा आणि विरुद्ध बाजूचें अंग, दोन्हीं बिघडतील अशी जागा एकच, ती म्हणजे मानेंतली मोठी धमनी. पुढें शवविच्छेदनांत ती धमनी खरोखरच बुजलेली सांपडली. १९५१ सालीं त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि क्षणिक अंधत्व व क्षणिक अर्धांग हीं पुढच्या मोठ्या झटक्याचीं पूर्वचिन्हें आहेत ही गोष्ट वैद्यकांत रुजूं लागली. एका रोग्याचें 'विसंगत' बोलणें एका डॉक्टरानें शांतपणें ऐकून घेतलें, एवढीच या शोधाची पूंजी होती.

झुळुकेचें स्वरूप आतां स्पष्ट झालें. धमनीच्या आंतल्या अंगास चरबीचा थर सांचतो, त्यावर रक्ताची लहानशी गुठळी धरते, तिचा कण सुटून मेंदूच्या बारीक धमनींत अडकतो. कधीं हा कण अनियमित चालणाऱ्या हृदयांतूनहि येतो. कण अडकला कीं मेंदूचा तो तुकडा मुका होतो. विरघळला किंवा पुढें सरकला कीं तो पुन्हां बोलूं लागतो. पण जेथून कण सुटला तो थर तेथेंच असतो, आणि तो खवळलेला असतो. दुसरा कण मोठा असेल तर काय, हा त्यांतला धोका.

१९५४ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत एका वृद्ध बाईंवर शस्त्रक्रिया झाली. त्यांना असे ३३ झटके येऊन गेले होते. पिकरिंग या वैद्यानें ईस्टकॉट आणि रॉब या शस्त्रवैद्यांच्या हातीं त्यांना सोपविलें; त्यांचें शरीर थंड करून मानेंतील धमनीचा रोगट भाग काढून टाकण्यांत आला, आणि झटके थांबले. याच्या आधीं ब्वेनोस आयरिस आणि ह्यूस्टन येथेंहि अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या, परंतु गाजली ती हीच. पुढें १९७८ सालीं कॅनडांतील एका मोठ्या प्रयोगानें अॅस्पिरिन या साध्या गोळीचा उपयोग सिद्ध केला. आणि १९९१ सालीं अमेरिका व यूरोप येथील दोन प्रयोगांनीं, मानेंतील धमनी फारच अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रियेनें झटके टळतात, हें दाखविलें.

म्हणजे कारण कळलें, औषध मिळालें, शस्त्रक्रियाहि मिळाली. राहिला होता तो वेळेचा प्रश्न. आणि येथें एका व्याख्येनें घोटाळा केला. चोवीस तासांच्या आंत लक्षणें गेलीं तर तो 'क्षणिक' झटका, अशी व्याख्या रूढ झाली होती. क्षणिक म्हटलें कीं ऐकणाऱ्याची चिंता निम्मी होते. २००० सालीं कॅलिफोर्नियांतील १७०७ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. क्षणिक झटका येऊन गेलेल्या या लोकांपैकीं शेंकडा दहांहून अधिकांस तीन महिन्यांच्या आंत खरा झटका आला. आणि त्यांतल्या निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच आला. विंचूरचा आपला शेतकरी चार दिवसांनीं सवड काढणार होता, हें येथें आठवावें.

मग इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें पीटर रॉथवेल यांनीं जो प्रयोग केला, तो माझ्या मतें या सबंध इतिहासाचा कळस आहे, आणि त्यांत नवें औषध एकहि नव्हतें. २००२ ते २००४ या काळांत तेथील पद्धत आपल्या ओळखीची अशीच होती. घरचा डॉक्टर रोग्यास तज्ज्ञाकडे पाठवी, तारीख ठरे, तज्ज्ञ तपासून आपला सल्ला परत घरच्या डॉक्टरकडे कळवी, आणि रोगी पुन्हां घरच्या डॉक्टरकडे जाऊन औषध लिहून घेई. तज्ज्ञाच्या भेटीस सामान्यतः तीन दिवस लागत, आणि पहिली गोळी हातीं पडेपर्यंत वीस दिवस. २००४ च्या ऑक्टोबरपासून तारखेची अट काढून टाकली. संशय आला कीं त्याच दिवशीं पाठवा, आम्ही त्याच दिवशीं तपासतों आणि औषध तेथेंच सुरू करतों, असें ठरलें. वीस दिवसांचा एक दिवस झाला. पूर्वीं तीन महिन्यांत शेंकडा १०·३ लोकांस पुन्हां झटका येत होता. तें प्रमाण २·१ वर आलें. गोळ्या त्याच, डॉक्टर तेच. मधल्या कागदाचा प्रवास तेवढा वांचला. २००७ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीं पॅरिसच्या बिशा रुग्णालयानें आपला अनुभव मांडला. तेथें २००३ पासून अशा रोग्यांसाठीं रात्रंदिवस दार उघडें ठेविलें होतें आणि त्या भागांतील सुमारें १५००० डॉक्टरांस एकच दूरध्वनिक्रमांक कळविला होता. आलेल्या रोग्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश लोक तपासून त्याच दिवशीं घरीं परत जात.

कोणाला आधीं पाठवावें यासाठीं वय, रक्तदाब, लक्षणें, त्यांचा काळ आणि मधुमेह यांवर गुण देण्याची एक रीतहि मध्यंतरीं फार चालली. परीक्षेंतले गुण आपल्या लोकांस नेहमींच प्रिय! परंतु कमी गुणांच्या रोग्यांतहि धोक्याचे रोगी निघूं लागले. इंग्लंडांतील २०१९ च्या अधिकृत मार्गदर्शनानें हे गुण बाजूस ठेवावयास सांगितलें, आणि गेल्या आठवड्यांत असा झटका येऊन गेल्याचा संशय असेल तर चोवीस तासांच्या आंत तज्ज्ञानें पाहावें, असा सरळ नियम घातला.

आतां आपल्या घरचें पाहूं. मुंबईंत डॉक्टर दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ आणि २००६ या दोन वर्षांत एका वस्तीची नोंद ठेवली, तेव्हां दर लाख लोकवस्तीस वर्षाला सुमारें १४५ नवे झटके आढळले. हेंच प्रमाण धरलें तर दहा हजार वस्तीच्या गांवांत वर्षास चौदा-पंधरा घरें या रोगाच्या तावडींत सांपडतात. हा शहरांचा रोग, ही समजूतहि टिकलेली नाहीं. गडचिरोलींत डॉक्टर अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ८६ खेड्यांतील मृत्यूंची २०११ ते २०१३ या दोन वर्षांत बारकाईनें चौकशी केली. १५९९ मृत्यूंपैकीं २२९ मृत्यु अर्धांगाच्या झटक्यानें झालेले होते. मृत्यूचें सर्वांत मोठें कारण तेंच निघालें. आणि या लोकांपैकीं शेंकडा ८७ जणांनीं घरींच प्राण सोडला. २०१५ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले तेव्हां शहरांतील पुष्कळांस आश्चर्य वाटलें. खेड्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांस तें वाटलें नसावें.

गडचिरोलीच्या मानानें विंचूर भाग्यवान म्हटलें पाहिजे. निफाड आणि लासलगांव येथें सरकारी रुग्णालयें आहेत. नाशिक शहर पन्नास-साठ किलोमीटरांवर. तेथें मेंदूचें छायाचित्र काढण्याचीं यंत्रें आहेत आणि या रोगाचे तज्ज्ञहि आहेत. २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. खर्चाच्या बाबतींत ज्या सरकारी योजनेचा गरीब कुटुंबास आधार असतो, तिला २०१७ पासून जोतीराव फुल्यांचेंच नांव आहे. अडचण वाटेंत फारशी नाहीं. ती 'आतां बरें वाटतें' या तीन शब्दांत आहे. ऑक्सफर्डास कागद रेंगाळत होता, येथें माणूसच रेंगाळतो.

आणि म्हणून गांवांतील पहिल्या डॉक्टराचें महत्त्व मला नाशिकच्या तज्ज्ञाहून कमी वाटत नाहीं. आबा त्याच्याकडे आले तेव्हां तपासणींत कांहींच सांपडणार नाहीं. हात बळकट, जीभ सरळ, चालणें ठीक. जें निघून गेलें आहे त्यावरून त्याला निर्णय करावयाचा असतो, आणि साक्षीदार म्हणजे बाजारांतले चार लोक. तोंड वांकडें झालें होतें काय, हात गळाला होता काय, बोलणें बिघडलें होतें काय, एका डोळ्यापुढें पडदा आला होता काय, हें त्यांनाच विचारलें पाहिजे. निदान करतां करतां साखर उतरली होती काय हेंहि पाहावें लागतें; मधुमेह्यांत तिचें सोंग हुबेहूब असतें. अॅस्पिरिन द्यावयाचें कीं नाहीं हें डॉक्टरानेंच ठरवावें. लक्षणें अजून चालू असतील तर मेंदूंत रक्तस्राव झाला नाहीं याची छायाचित्रानें खात्री होईपर्यंत तें देतां येत नाहीं. घरच्या मंडळींनीं डब्यांतली गोळी काढून तोंडांत घालणें म्हणूनच बरें नव्हे. आणि लक्षणें चालूच असलीं तर मग चिठ्ठीचीहि वाट पाहूं नये. गुठळी विरघळविण्याचें इंजेक्शन साधारणपणें साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि तो काळ लक्षण सुरू झाल्या क्षणापासून मोजावयाचा असतो.

लक्षणें गेलीं असतील तर मात्र चिठ्ठी हवी, आणि ती त्याच दिवशींची हवी. तींत झटका किती वाजतां सुरू झाला, किती वाजतां संपला, अंगाची कोणती बाजू, वाचा कशी होती, पाहणारा कोण होता. रक्तदाब किती, नाडी नियमित कीं अनियमित, साखर किती, चालू औषधें कोणतीं, एवढें असलें म्हणजे पुरे. पाहणारा माणूस शक्य तर सोबतच न्यावा. आबांनीं ट्रॅक्टर स्वतः हांकूं नये. माल राहिला असेल तर हिशेबपट्टी मुलानें घ्यावी.